रोक्सानचा सौदा

ज्याँ रासीनची नाटके मी उतारवयात वाचली, आणि तीही जरा संशयानेच. आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला, फ्रेंच येत नाही. फोर्टमध्ये पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात इंग्रजी अनुवादाचा एक खंड सापडला. चाळताना 'बजाझे' हे नाटक दिसले. स्थळ : इस्तंबूलमधला सुलतानाचा जनानखाना. मनात म्हटले, झाले! सतराव्या शतकातला पॅरिसचा नाटककार आणि तुर्कांचा जनानखाना, म्हणजे खंजीर, मत्सर आणि मुके मारेकरी. भांडायच्या तयारीनेच पुस्तक विकत घेतले.

हा सगळा मसाला नाटकात आहेच. सुलतान चौथ्या मुरादने १६३५ साली आपल्या भावाला, बायजीदला, ठार करवले होते. तिथल्या फ्रेंच वकिलामार्फत ही हकिगत पॅरिसला पोचली आणि १६७२ मध्ये रासीनने ती रंगमंचावर आणली. इतक्या अलीकडचा विषय शोकांतिकेला कसा चालेल, ही शंका त्याला ठाऊक होती. प्रस्तावनेत त्याने उत्तर दिले आहे की, देश दूरचा असला म्हणजे काळ जवळचा असला तरी बिघडत नाही. आम्ही म्हणजे त्याच्या लेखी 'दूरचे' लोक. हे मला खटकले, आजही खटकते. त्याचा बुजुर्ग प्रतिस्पर्धी कोर्नेय म्हणाला होता म्हणे, की या नाटकातल्या माणसांचे कपडे तेवढे तुर्की आहेत, भावना फ्रेंचच आहेत. त्याने हे दोष म्हणून सांगितले. मला मात्र वाचता वाचता वाटू लागले, की या भावना फ्रेंचही नाहीत. यातली एक तर माझ्याच घरातली आहे.

रोक्सान ही सुलतानाची लाडकी. सुलतान मोहिमेवर गेला आहे आणि कैदेतल्या बजाझेच्या जिवाचा अधिकार तिच्या हातात आहे. तिचा जीव जडतो तो त्याच्यावरच. त्याचे मन मात्र अतालीदवर. रोक्सान त्याला सांगते, माझ्याशी निकाह कर, तख्त तुझे. नाही तर मरण. ती खोटे बोलत नाही. तिची मोहब्बत खरी आहे, हीच तर भयंकर गोष्ट. पण ज्याचा गळा आपल्या मुठीत आहे, त्याने 'हो' म्हटले तरी ते खरे की भीतीचे, हे तिला कधीच कळणार नाही. म्हणून ती पुनःपुन्हा पारखत राहते. शेवटी एका शब्दात ती त्याला बाहेर जायला सांगते. बाहेर मारेकरी उभे असतात.

त्या रात्री पुस्तक मिटले आणि धाकट्या बहिणीची आठवण झाली. अब्बांच्या इंतकालनंतर तिला मीच शिकवले. फी, पुस्तके, बसचा पास, सगळे माझ्या पगारातून. बी.एड. होताच तिने एका मुलाविषयी सांगितले. मुलगा नमाजी, नोकरदार. पण बिरादरी दुसरी, आमच्यापेक्षा खालची मानली जाणारी. जलशांत इस्लामी समतेवर भाषणे देणारा मी तिला म्हणालो, "तो किंवा मी. काय ते ठरव." आवाजही चढवला नव्हता. तिने मान खाली घातली आणि आम्ही दाखवलेल्या मुलाशी निकाह केला. लोकांनी मला शाबासकी दिली. बहिणीवरच्या मायेपोटीच हे केले, असे मी वीस वर्षे समजत होतो. माया होतीच, ती नाकारत नाही.

रासीन पोरका होता. चौथ्या वर्षापर्यंत आई-बाप दोघेही गेले. आजीने आणि पोर-रोयालच्या कडव्या धर्मगुरूंनी त्याला वाढवले. ईश्वरी कृपेवाचून माणूस स्वतःला आवरू शकत नाही, ही त्यांची शिकवण. आपल्याकडे नफ्सविषयी जे बोलतात, त्याच्या जवळपास जाणारी. पुढे त्यांनी नाटककारांना विष पाजणारे ठरवले, तेव्हा रासीनने झोंबणारे पत्र लिहून त्यांच्याशी भांडण काढले. तरी मेल्यावर मला त्यांच्याजवळच दफन करा, असे त्याने लिहून ठेवले होते. भांडण किती खोल होते, कुणास ठाऊक!

१६७७ च्या 'फेद्र'च्या प्रस्तावनेत तो आपल्या नायिकेविषयी म्हणतो, ती ना पुरती दोषी आहे, ना पुरती निर्दोष. अर्ध्या दोषाची ही सवलत मी लगेच स्वतःला घेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी लक्षात आले, की फेद्र आपला गुन्हा मरण्यापूर्वी स्वतःच्या तोंडाने सांगते. मी कुठे सांगितला होता?

ईदला बहिणीचा फोन येतो. सलाम, मुलांची चौकशी, शीरखुर्मा, तीन मिनिटांत संपतो. या वेळी मनाशी वाक्य जुळवून ठेवले होते. म्हणालो, "तुझ्या लग्नाच्या वेळी मी..."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "भाईजान, बीपीची गोळी वेळेवर घेता ना?"

"घेतो," मी म्हणालो.