दात, काटा आणि उजेड



श्रावणात माझी भाची चार दिवस राहायला आली होती. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या अन्नतंत्र महाविद्यालयात शिकली आणि आता एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात तपासणीचं काम करते. मी ताटात गहू घेऊन निवडत बसले होते. ती म्हणाली, "मावशी, तू डोळ्यांनी जे करतेस ते आमच्याकडे उजेड करतो."

आपलं अर्धं आयुष्य निवडण्या-पाखडण्यात गेलेलं, त्यामुळे मला नवल वाटलं. म्हटलं, नीट समजावून सांग.

इंद्रधनुष्यात तांबड्या रंगाच्या पलीकडेही एक उजेड असतो, तो आपल्याला दिसत नाही. 1800 साली विल्यम हर्शल यांनी लोलकातून ऊन पाडून तांबड्याच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला, तेव्हा तिथेही पारा चढला. त्या अदृश्य उजेडातला आपल्या नजरेच्या अगदी जवळचा भाग म्हणजे निअर इन्फ्रारेड. पाणी, तेल, प्रथिनं यांपैकी प्रत्येक जण या उजेडातला आपापला वाटा शोषून घेतो. उरलेला उजेड परत येतो, आणि काय कमी झालं यावरून यंत्र सांगतं की दाण्यात ओल किती, तेल किती, प्रथिनं किती. दाणा फोडायचा नाही, औषध घालायचं नाही, आणि मिनिटाच्या आत आकडा. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या कार्ल नॉरिस यांनी 1960 च्या दशकात धान्यासाठी ही पद्धत रुळवली.

तिची आणखी एक गोष्ट ऐकून मी हातातलं ताट खाली ठेवलं. सोंडा किडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि तोंड बुजवून टाकतो. वरून दाणा धडधाकट दिसतो, आपली नजर तिथे हरते. अशा गव्हाच्या दाण्यातली अळी या उजेडाने बाहेरूनच ओळखता येते, हे शास्त्रज्ञांनी करून दाखवलं आहे. अळी अगदी लहान असली तर मात्र तीही निसटते. कुणालाही न चिरडता आतला जीव कळावा, याहून आपल्याला काय हवं?

पण मला आठवले ते माझे सासरे.

आमचं मोंढ्यात आडतीचं दुकान. मामंजी पोत्यात हात घालत, एक दाणा दाताखाली धरत आणि ओल सांगत. उपवास असला की दाताऐवजी नखाने दाबत. रात्री पाण्याचा थेंब न घेणारे, गाळल्याशिवाय पाणी न वापरणारे व्रती माणूस. त्यांच्या शब्दावर गावाचा विश्वास. मी बी.कॉम. झालेली, म्हणून घरी बसून वही लिहायचं काम माझ्याकडे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी काढणीच्या वेळी पाऊस लागला. एक विधवा बाई बारा क्विंटल सोयाबीन घेऊन आली. मामंजींनी दाणा चावला आणि म्हणाले, "ओला आहे, क्विंटलला पाच किलो कडता." बाई काही बोलली नाही. रात्री वही लिहिताना मी आकडेमोड केली. माल 12 टक्के ओलीचा चालतो. तिचा 15 टक्के ओला होता असं धरलं, तर वाळून क्विंटलमागे साडेतीन किलोच्या आत घट येते. म्हणजे बारा क्विंटलला साधारण 41 किलो. आम्ही 60 किलो कापले होते.

मी विचारलं, "मामंजी, 15 टक्के तरी होती का? मोजली कुणी?" ते म्हणाले, "चाळीस वर्षांचा दात आहे, सूनबाई." मी गप्प बसले, आणि खाली बेरीज मारली.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, आमचं यंत्रसुद्धा आपोआप शहाणं होत नाही. आधी शेकडो नमुने प्रयोगशाळेत वाळवून, तपासून खरे आकडे काढावे लागतात. त्यावर ते शिकतं. तेच चुकीचे असले तर यंत्र जन्मभर चुकीचंच सांगतं." शिवाय त्याला सगळंच दिसत नाही. हळदीत स्टार्च मिसळला तर कळू शकतो, पण रंगासाठी शिशाचा क्षार घातला असेल तर त्यातलं शिसं या उजेडाला दिसत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. म्हणून यंत्राने "चांगलं" म्हटलं की काय तपासून म्हटलं, हे विचारायचं.

दशलक्षण पर्वात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय झाला. अचौर्याचे अतिचार दरवर्षी ऐकतो: खोटी मापं, भेसळ. आजवर मला वाटायचं, खोटं माप म्हणजे पोकळ वजनाचा काटा. त्या दिवशी दात आठवला, आणि गप्प बसून मारलेली बेरीजही.

क्षमावाणीला आपण फोनवर सगळ्यांना निरोप पाठवतो. या वेळी मी आणि आमचे हे जुनी वही घेऊन त्या बाईच्या गावी गेलो. 19 किलोचे पैसे आजच्या भावाने तिच्यापुढे ठेवले. तिने ते मोजून पदरात बांधले. मग विचारलं, "वहिनी, अन् बाकीच्यांचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. वह्या मात्र माळ्यावरून खाली काढल्या आहेत, रोज दुपारी थोड्या थोड्या बघते.

भाचीचं यंत्र लाखांच्या घरातलं, आमच्या दुकानाला ते परवडणार नाही. पण ओल मोजायची विजेवर चालणारी साधी डबी आता गल्ल्यावर आहे. मी मुलाला एकच अट घातली: तिचा आकडा शेतकऱ्याच्या बाजूला दिसला पाहिजे. 2024 च्या पावसाळी हंगामात सरकारनेही हमीभाव खरेदीत सोयाबीनची ओल 12 ऐवजी 15 टक्क्यांपर्यंत चालवून घेतली होती. त्या तीन टक्क्यांत कुणाचं घर चालतं, ते मोंढ्यातल्या बायकांना विचारा.

ज्यांच्या घरी दुकान आहे, त्यांनी आज रात्री एकदा वही बघा. मी बघायला फार उशीर केला.

मिच्छामि दुक्कडम्.