एकाच कुळातले

गेल्या पावसाळ्यात आम्ही उभयतांनी घरातल्या काचपेटीत अ‍ॅमेझॉनचा एंजल आणि मलावी सरोवरातले निळे-पिवळे एंबुना एकत्र सोडले. दोघेही सिक्लिड, एकाच कुळातल्यांत वैर कसले, हा आमचा भाबडा तर्क. परंतु एकाला मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. दुसऱ्याला कठीण, अल्कधर्मी. त्यात दगडांच्या कपारींवर हक्क सांगणारे एंबुना एंजलचे लांब पर कुरतडत राहिले. आठवड्याभरात तो तळाशी निपचित आढळला.

वडिलोपार्जित वाड्यात थोरल्या बंधूंनी मधोमध भिंत घातली, तेव्हा आम्ही त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला होता. नव्या एंजलसाठी दुसरी पेटी मांडली, त्या रात्री आम्ही त्यांना फोन केला.