मुखपृष्ठ आणि व्हाउचर

बँकेतील नोकरीची माझी शेवटची सहा वर्षे शाखांच्या तपासणीत गेली. खातेवह्यांची नीटनेटकी पाने आणि जुळलेल्या बेरजा पाहून शेरा लिहायचा नसतो, मागची व्हाउचरे काढून पाहायची असतात, असे मी तरुण सहकाऱ्यांना सतत सांगत असे. तोच मी निवृत्तीनंतर, माझ्याच घरातील सहा किलो वजनाच्या एका जीवाच्या बाबतीत, वर्षभर केवळ मुखपृष्ठ पाहत राहिलो. त्याची ही हकिकत.

चिकू हा आमच्या नातीचा शित्झू. ही जात मूळ तिबेट-चीनकडची. नावाचा अर्थ सिंह, पण आकार उशीएवढा आणि केस जमिनीला टेकणारे. आपल्या व्यापारी घरांत पूर्वी कुत्र्याची जागा दुकानाच्या पायरीशी असे. भाकरीचा तुकडा त्याला नेमाने मिळे, उंबरठ्याच्या आत मात्र प्रवेश नसे. चिकू नातीच्या हट्टाने घरात आला आणि सर्वांचा झाला. पुढे मुलाची बदली बंगळुरूला झाली. तिथल्या भाड्याच्या घरात कुत्र्याला परवानगी नव्हती. निघताना नातीने माझ्या हातात ब्रश दिला आणि म्हणाली, "आजोबा, रोज विंचरायचं हं त्याला."

मी शब्द दिला आणि पाळलाही. रोज सकाळी चहानंतर दहा मिनिटे त्याच्या पाठीवरून ब्रश फिरवीत असे. केस रेशमासारखे चमकत. शेजारी कौतुक करीत आणि मला ते आवडे.

पावसाळ्यात एकदा त्याच्या कानामागे सुपारीएवढी गाठ हाताला लागली. मी शिवणकामाची कात्री घेतली आणि सरळ कापली. जटेबरोबर खालची कातडीही ओढली जाऊन वर आलेली असते, हे मला ठाऊक नव्हते. चिकू कळवळला. जखम लहान होती, चार दिवसांत भरली. पण तेव्हापासून कानाशी किंवा पोटाखाली हात गेला की तो अंग चोरू लागला. मग मीही तिकडे हात नेणे सोडले. पाठ तो आनंदाने विंचरू देई, आणि तेवढ्यावर आम्हा दोघांचे भागत होते.

दिवाळीनंतर एके दिवशी सौभाग्यवतींनी त्याला काखेत हात घालून उचलले, तर तो गुरगुरला आणि त्यांच्या मनगटाला दात लावला. दात रुतले नाहीत, पण मन दुखावले. आठ दिवसांत तेच पुन्हा घडले. नातलग म्हणाले, चावरा कुत्रा घरात नको. एका परिचितांचे शेत होते, तिथे त्याला सोडायचे ठरले. रविवार मुक्रर झाला. नातीला काय सांगायचे, याचा विचार आम्ही पुढे ढकलला होता.

नव्या घरी देण्यापूर्वी लस पूर्ण असावी म्हणून शुक्रवारी त्याला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी लस बाजूला ठेवली. चिकूचा पुढचा पाय हलकेच पुढच्या बाजूस उचलला, केस दुभागले आणि म्हणाले, "काका, इकडे या. हे बघा."

काखेत नमद्यासारखी घट्ट, चपटी जट कातडीला चिकटून बसली होती. तिच्याखालची त्वचा लाल, ओलसर होती आणि तिला वास येत होता. दुसऱ्या काखेत तेच, जांघेत तेच, गळपट्ट्याखालीही तेच. "हा चावरा नाही झालेला," डॉक्टर म्हणाले. "याला दुखतंय. पाऊल टाकलं की जट कातडी ओढते. तुम्ही काखेत हात घालून उचलता तेव्हा तर फारच. बोलता येत नाही, म्हणून दात दाखवतो."

मला माझेच जुने शेरे आठवले. त्यांनी मशीनने त्या जटा काढीपर्यंत मी चिकूचे डोके धरून उभा होतो. घरी येताच शेतावरच्या परिचितांना फोन करून नम्रपणे नकार कळवला.

त्यानंतर मी हे काम नव्याने शिकलो. लांब केसांच्या कुत्र्याचा गळलेला केस जमिनीवर पडत नाही, शेजारच्या केसांत अडकतो. जिथे कातडी कातडीला किंवा पट्टा कातडीला घासतो, तिथे त्याची जट होते. पाणी लागून वाळले की ती अधिक आवळते. म्हणून आधी विंचरणे आणि मग आंघोळ, हा क्रम मोडायचा नाही. मऊ ब्रश वरूनच निसटतो. त्यासाठी अर्धे दाते विरळ आणि अर्धे दाट असलेला स्टीलचा कंगवा हवा. डाव्या तळव्याने केस वर दाबून धरावे, खालचा एक पातळ थर सोडावा आणि त्यातून कंगवा कातडीपर्यंत नेऊन विंचरावे. मग पुढचा थर. कंगवा अडला, की तिथे गुंता आहे असे समजावे. गुंता आणि कातडी यांच्यामधले केस चिमटीत धरावे, म्हणजे ओढ आपल्या बोटांवर येते, त्याच्या कातडीवर नाही. मुळाकडून न ओढता टोकाकडून सोडवत यावे. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळल्यास केस सुटायला मदत होते. तरीही न सुटल्यास मशीन असलेल्या जाणकाराकडे जावे, कात्री उचलू नये.

कुत्र्याचा पाय मागे-पुढे सहज हलतो, बाजूला ताणल्यास खांदा दुखतो. म्हणून काख विंचरताना पाय पुढेच उचलावा, तोही थोडासाच. पंजांच्या गाद्यांमधले केस वाढले की तो फरशीवर घसरतो आणि पावसाळ्यात त्यांत चिखलाचे खडे तयार होतात. ते केस बोथट टोकाच्या कात्रीने गादीच्या पातळीपर्यंतच कापावे, आत खुपसू नये. पायाच्या आतल्या बाजूचा अंगठ्याचा नख जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही. केसांत लपून तो वळतो आणि कातडीत रुतू शकतो. शेपटीखालचे केस आखूडच ठेवावे, नाहीतर विष्ठा चिकटून त्रास होतो. डोळ्यांचे कोपरे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावे. शित्झूचे डोळे बाहेर आलेले असल्याने तिथली कात्री मी जाणकाराच्याच हाती ठेवली आहे.

सगळे एका दिवशी करायचे नाही. सोमवारी कान, मंगळवारी काखा, बुधवारी पंजे, असा वार लावून घेतला आहे. पहिले दोन आठवडे तर मी काखेला नुसते बोट लावून हात मागे घेत असे. विश्वासाचे खाते एकदा बुडाले की पुन्हा लहान रकमांनीच भरावे लागते.

एका प्रश्नाने मात्र आम्हाला थांबवले. पंजाच्या बेचक्यात गोचीड सापडली तर काय करायचे? आपल्या घरांत हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही, आणि गोचिडीने येणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो हेही खरे आहे. आम्ही एवढेच ठरवले, की रोज पाहायचे, बिछाना आणि अंगण स्वच्छ ठेवायचे आणि ती वेळ येऊ न देण्याचा आपला भाग पुरा करायचा. बाकी डॉक्टर सांगतील तसे. यतना हा शब्द मी प्रवचनांत आयुष्यभर ऐकला होता. कंगवा हातात घेऊन बसल्यावर तो थोडा कळला.

नातीचा फोन दर रविवारी येतो. "कशी आहेस?" "छान." "शाळा?" "छान." यावरच आमचे संभाषण संपत असे. त्या रविवारी मी फोन ठेवला नाही. चिकूच्या काखेची सगळी गोष्ट तिला सांगितली, कात्रीची चूकही सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, मला इथे अजून कोणी मैत्रीण नाही."

आम्ही तासभर बोललो. शेजारी चिकू पाठीवर आडवा पसरला होता आणि वार मंगळवार नसतानाही त्याने पुढचा पाय वर केला होता.