जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' हा शब्द आपण देवळांसाठी राखून ठेवला आहे. घराची आपण डागडुजी करतो, सायकलीची दुरुस्ती करतो, कोटाला नवे अस्तर लावतो. उद्धार तेवढा देवळाचा! पण माझ्या टेबलावरच्या, २०१४ साली घेतलेल्या लॅपटॉपचा विचार करताना मला दुसरा शब्दच सुचेना. त्याची बिजागरी कुरकुरते, कळफलकावरची अक्षरे झिजून गुळगुळीत झाली आहेत, आणि सकाळी त्याला जागे करावे तर माझा चहा पिऊन, कप विसळून झाला तरी हे महाशय आपले डोळे चोळीतच बसलेले!

नांदेडला वजिराबादेतल्या एका दुकानदाराने त्याची नाडी पाहिली आणि मान हलवली. "सर, आता याच्यात काही राहिलं नाही. नवा घ्या." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-डागडुजी थांबवली. नोंदणी करणाऱ्यांना काय ती आणखी एका वर्षाची सवलत दिली. विंडोज ११ वर जावे, तर तिला सुरक्षेची एक विशिष्ट सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा लागतो. माझा चौथ्या पिढीतला! सोयरीक जुळावी कशी? नव्या यंत्राचा आकडा पन्नास हजारांच्या घरात गेला, तेव्हा मी 'घरी विचारून सांगतो' हे मध्यमवर्गाचे ब्रह्मवाक्य उच्चारून पायऱ्या उतरलो.

पुढच्याच रविवारी लोहा, अहमदपूर, चाकूर असे करीत एस.टी.ने लातूरला थोरल्या भावाकडे गेलो. लॅपटॉप पिशवीत होताच. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एका रस्त्यावर दुरुस्तीचे एक टीचभर दुकान आहे. तिथल्या पोराने यंत्र उघडून पाहिले आणि म्हणाला, "मशीन बरी हाय की सर. हिचं पोट तेवढं बदला." मग त्याने मला धडाच दिला. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि एक इवलासा हात तिच्यावर माहिती हुडकत फिरतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, म्हणून ती झटपट चालते. ती बसवायची आणि स्मृती चार जीबीची आठ करायची. खर्च पाच हजारांच्या आत. "मात्र विंडोज जुनीच राहील बरं का सर," हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले.

दोन वैद्य, दोन निदाने, आणि दोन्ही खरी. अशा वेळी रोग्यानेच ठरवायचे असते, की आपल्याला जगायचे आहे ते कशासाठी?

माझ्या यंत्रापुरते या प्रश्नाचे उत्तर एका फोल्डरात आहे. २००६ ते २००८ या काळात औसा-निलंगा भागात हिंडून मी तीनशे चाळीस जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. त्या सांगणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी बहुतेक आता नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर याच मुलखाला फार मोठ्या प्रमाणावर हा प्रश्न पडला होता: जुने सावरायचे की नवे बांधायचे? बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. जिथे पडझड कमी होती तिथे जुनीच घरे दुरुस्त आणि मजबूत केली गेली. नव्या गावात राहायला गेलेल्या एका आजीने मला सांगितले होते, "घर सरकारनं दिलं बाबा. जातं माझं मीच उकरून आणलं."

लातूरहून परतताना हे वाक्य मला आठवले आणि माझा प्रश्नच बदलला. घर कोणते, हे नंतर पाहू. जाते कुठे आहे?

ते अजून ढिगाऱ्यातच होते. कारण त्या ओव्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी वळणे बसवलेली असत. फाँट नसेल तर तीच ओवी इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन समोर येते. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीतल्या 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगभर एकच आहे. आता फाँट काय, नव्या यंत्रावरही नेऊन ठेवता येईल. पण टंकनाचा तो जुना कार्यक्रम माझ्या याच म्हाताऱ्यावर चालतो, आणि मूळ पानाशी ताडून पाहायचे तर तो हवाच.

म्हणून मी जीर्णोद्धार केला. एसएसडी बसवली, आणि काढलेली जुनी डिस्क एका डबीत घालून तिची जादा प्रत करून ठेवली. बँकेचे व्यवहार या यंत्रावरून बंद केले आणि त्याची इंटरनेटशी असलेली ओळखही तोडली. सौभाग्यवतींना हिशेब पसंत पडला. "आणि ओव्या संपल्या की?" त्यांनी विचारले. "मग नवा घेऊ," मी म्हणालो. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिले, पण बोलल्या काही नाहीत.

काम सावकाश चालले आहे. रूपांतर करणारी साधने मिळतात. पण जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी बसते, युनिकोडमध्ये ती नंतर येते, आणि या अदलाबदलीत तिचा पाय घसरतो. रफार शेजारच्या घरी जाऊन बसतो. 'दळणाऱ्या' मधला 'ऱ्या' तर हमखास मोडतो. म्हणून प्रत्येक ओवी मी मोठ्याने वाचतो. जिथे जीभ अडखळते तिथे चूक सापडते. काल रात्री एकशे बारावी झाली. धाकटीने दारातून विचारले, "बाबा, कुणाशी बोलताय?"