पवनचक्की पाऊस पळवते का?

"पवनचक्क्या आल्या नि पाऊस पळाला." माण-खटावात हे वाक्य कानावर पडलं नाही असा बातमीदार सापडणार नाही. पारावर, एसटीत, पंचायत समितीच्या आमसभेत. मी वीस वर्षं ऐकतोय. त्यावर हसणारे साहेब पाहिलेत आणि त्यावरच भाषण ठोकून टाळ्या घेणारे पुढारीही पाहिलेत. लोकांना नीट उत्तर दोघांनीही दिलं नाही.

तर आधी सरळ उत्तर : नाही, पळवत नाही. वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पाती फिरू लागली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. १९७२ चा दुष्काळ कुणी आणला मग? महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दहिवडीला ५०० च्या आसपास, ही करणी सह्याद्रीची आहे. मोसमी ढगांचा थर काही किलोमीटर जाड असतो. पात्याचं टोक जमिनीपासून शे-दीडशे मीटरवर.

पण म्हणून "हवेला काहीच होत नाही" असं कंपनीचा माणूस सांगत असेल, तर तेही खरं नाही.

पातं फिरतं ते वाऱ्याची ताकद काढून घेऊनच. म्हणजे पात्यामागचा वारा मंदावणार आणि घुसळणार. २००८ साली डेन्मार्कच्या समुद्रात हॉर्न्स रेव्ह इथला एक फोटो निघाला. प्रत्येक चक्कीमागे धुक्याची शेपटी! घुसळण उघड्या डोळ्यांना दिसली. जर्मनीजवळच्या समुद्रात तर विमानातून मोजलं, तेव्हा मंद वाऱ्याचा पट्टा काही वेळा ५० किलोमीटरच्याही पुढे गेलेला आढळला.

जमिनीवर काय होतं? रात्री जमिनीलगतची हवा गार असते, वरची त्या मानाने उबदार. पाती दोन्ही ढवळतात, ऊब खाली येते. टेक्सासमध्ये २००३ ते २०११ च्या उपग्रह नोंदींत पवनचक्क्यांच्या पट्ट्यात रात्री आजूबाजूपेक्षा जास्त तापलेल्या दिसल्या. ही नवी उष्णता नव्हे, वरचीच खाली आलेली. सोमनाथ बैद्य रॉय या आपल्या शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून २०१० मध्ये हेच मांडलं : रात्री थोडं गरम, दिवसा थोडं गार.

हे संगणकात बसवणं मात्र किचकट. हवामानाच्या मॉडेलचा एक चौकोन कित्येक किलोमीटरचा, पातं पन्नास-साठ मीटरचं. चक्की त्यात दिसतच नाही. आधी शास्त्रज्ञ 'इथली जमीन जास्त खडबडीत आहे' एवढंच मॉडेलला सांगून भागवायचे. पण वारा अडतो वर, पात्यांच्या उंचीवर. आता त्या उंचीच्या थरातूनच वाऱ्याचा वेग कमी करतात आणि घुसळण वाढवतात. उत्तर पुष्कळ सुधारतं. तरी टेक्सासच्या सपाट रानाचा आकडा कड्याकपारीच्या पठाराला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. इथलं इथेच मोजावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक चक्कीच्या माथ्यावर वारा मोजायचं यंत्र असतं, नोंद कंपनीकडे जाते. ती गावालाही मिळू द्या. पठारावर आणि खालच्या शिवारात तापमापक लावा, रात्रीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. जमीन कवडीमोलाने गेली, रस्त्यांसाठी डोंगर फोडले, हा राग खरा आहे. तो पावसाच्या नावाने काढला की साहेबाला हसून निघून जाता येतं. जमिनीच्या दराचं विचारा, भाडेकराराचं विचारा. त्यावर कुणाला हसता येणार नाही.