गोळी आणि नंतरचे तास

नंदुरबार म्हटलं की शिरीषकुमार आलाच. ९ सप्टेंबर १९४२, पोलिसांचा गोळीबार, तो आणि त्याचे चार सोबती गेले. छातीवर गोळ्या झेलल्या, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. जखमेबद्दल मात्र कुणीच बोलत नाही...

परवा मावसबहीण (ती नर्स आहे) सांगत होती, गोळी डोक्यात शिरली की हाडाचे तुकडेही आत जातात. मेंदू सुजतो, पण कवटीत सुजायला जागाच नसते. बरेच जण जागच्या जागी जातात. उरलेल्यांना स्कॅन, रक्त आणि मेंदूचा सर्जन वेळेत मिळायला हवा.

मला १६ फेब्रुवारी २०१५ चं कोल्हापूर आठवलं. गोविंद पानसरे चार दिवसांनी गेले. गोळीने उमाताईंच्याही डोक्याला इजा झाली होती, त्या वाचल्या. गेलेल्यांची स्मारकं आपण बांधतो (बांधावीतच). पण डोक्याच्या जखमेतून वाचलेल्यांचं अडखळणारं बोलणं, फिट्स, ओढत चालणं हे फक्त घरचे बघतात.

असो. मी विचारलं, धडगावच्या डोंगरात असं झालं तर?

"गोळीच कशाला?" ती म्हणाली, "मोटारसायकलवरून पडलेल्याचं डोकंही असंच सुजतं. आणि घाट त्यालाही उतरावाच लागतो."