शार्ङ्ग : शिंगाचे धनुष्य

१/ विष्णूच्या धनुष्याचे नाव शार्ङ्ग. ‘शृंग’ म्हणजे शिंग. शार्ङ्ग म्हणजे शिंगाचे. असे एक धनुष्य आपल्याकडे असावे, ही इच्छा मी ११ वर्षे बाळगली. यंदा ते घरी आले.

२/ त्याची रचना पाहा. मध्ये लाकडाचा गाभा, धनुर्धराच्या बाजूस म्हशीच्या शिंगाची पट्टी, लक्ष्याच्या बाजूस जनावराच्या कंडरांचे तंतू. सारे सरसाने जोडलेले. दोरी ओढली की शिंग दाब सोसते आणि तंतू ताण सोसतात. म्हणूनच ते आखूड असूनही जोरकस असते, आणि म्हणूनच घोडेस्वारांचे ते आवडते शस्त्र ठरले. मोगल सैन्यातही हीच जात होती.

३/ दोरी उतरवताच ते उलट दिशेस वळते. त्याला पुन्हा वाकवून दोरी चढवणे हीच पहिली परीक्षा. हात तिरका पडला तर पाते पिळवटते. दोरी ओढायची ती अंगठ्याने. त्यासाठी अंगठ्यात कठीण अंगठी घालतात. मोगल दरबारात हेच साधन रत्नजडित दागिना झाले.

४/ सरस दमट हवेत मऊ पडतो, म्हणून पावसाळाभर धनुष्य कोरड्या पेटीत असते. स्नेही म्हणतात, काचेआड ठेवा, टिकेल. टिकेल खरे, परंतु अंगठीवरून दोरी सुटतानाचा तो हलका हिसका काचेआडून कोणास कळणार? वापरात ते झिजेल, कदाचित मोडेलही. ती जोखीम मी पत्करली आहे. दसऱ्याच्या शस्त्रपूजेनंतर हवा कोरडी होते. मग रोज सकाळी ३० बाण, अधिक नाही.